कामगार, सभासद, लाभार्थी

सोलापुरातल्या स्वस्त घरांचा अभ्यास मी महापालिकेच्या दारातून सुरू केला, पण पोहोचलो शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत. कष्टकऱ्यांच्या दोन मोठ्या वसाहती तिथे आहेत. कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत ही पहिली. तिथली विडी कामगार स्त्रियांसाठीची सुमारे १० हजार घरे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. दुसरी रे नगर. असंघटित कामगारांसाठीच्या ३० हजार घरांच्या या योजनेतील १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. पंतप्रधान दोन, पक्ष परस्परविरोधी. मागणी मात्र नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या त्याच कामगार चळवळीची.

या योजनांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. मला प्रश्न पडतो तो शब्दांचा. विडी वळणाऱ्या एकाच बाईला सरकारी कागदांत तीन नावे मिळतात: कामगार, सभासद, लाभार्थी. प्रत्येक नावामागे वेगळी तिजोरी आहे.

‘कामगार’ हे नाव १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यातले. तयार होणाऱ्या हजार विड्यांमागे उपकर घ्यायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी अनुदान द्यायचे, अशी ती रचना. रक्कम तुटपुंजी असे. पण हजार विड्या वळणाऱ्या बाईला म्हणता येई, की हा पैसा माझ्या हातांतून उभा राहिला आहे.

‘सभासद’ हे नाव सहकाराने दिले. गोदूताई वसाहतीत घराची किंमत ६० हजार रुपये धरली होती. केंद्र, राज्य आणि कामगार यांचा वाटा प्रत्येकी २० हजार. घरी बसून विड्या वळणारीकडे पगाराचा दाखला कुठून असणार? एकट्या बाईला जे जमले नसते ते संस्थेमुळे जमले. सभासदाला हिशेब विचारता येतो, सभेत उभे राहून भांडताही येते.

‘लाभार्थी’ हे नाव २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेचे. तिच्या भागीदारी घटकात केंद्र दर घरामागे दीड लाख आणि महाराष्ट्र एक लाख रुपये देते. उरलेले कुटुंबाने उभे करायचे. रक्कम पूर्वीपेक्षा मोठी आहे, हे मान्यच. पण दरम्यान २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा उपकर रद्द झाला. विडीवर कर आजही आहे, फक्त तो सर्वसाधारण तिजोरीत जातो. बाईच्या श्रमाशी बांधलेला पैसा सुटला आणि हक्काच्या जागी अनुदान आले.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. अनुदान घरामागे मोजले जाते आणि चावी हातात पडली की त्याचा हिशेब मिटतो. विडी कामगाराचे घर मात्र तिचा कारखानाही असते. ३० चौरस मीटरपर्यंतच्या चटई क्षेत्रात संसार, भिजवलेली पाने, तंबाखू आणि सूप एकत्र नांदतात. पाने आणायला, वळलेल्या विड्या मोजून द्यायला तिला ये-जा करावी लागते. कुंभारीहून शहरात जायचे तर बसभाडे तिच्या मजुरीतूनच जाते. श्रम शहराला हवेत, पण वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर. मग पाणी, बस, जिने आणि गटारांची देखभाल यांचा कायमचा धनी कोण? घरामागच्या अनुदानात या खर्चाचा रकाना नाही.

माझे म्हणणे एवढेच: विडीवरच्या करातला ठरावीक वाटा पुन्हा या वसाहतींच्या देखभालीला बांधून द्यावा आणि तो खर्च करण्याचा अधिकार सभासदांच्या सभेला असावा. लाभार्थ्याने आभार मानावेत, ही अपेक्षा सरकार करू शकते. कामगाराकडून ती करता येणार नाही, कारण त्या घरात तिची मजुरी आधीच चिणलेली आहे.