ड्रोनला रिकामं दिसतं ते

धाराशिवपासून समुद्र चारेकशे किलोमीटर लांब. त्यामुळे वाळवंट आणि समुद्र एकाच सफरीत दाखवणारे कच्छचे रोडट्रिप व्हिडिओ मी अधाशासारखे पाहतो. पण आता ते सगळे मिळून एकच व्हिडिओ वाटायला लागलेत. भुजला चहा, खावड्याहून धोलावीराकडे जाणारा 'रोड टू हेवन', वरून ड्रोन, मग मांडवीचा किनारा, उंट, मागे पवनचक्क्या, सूर्यास्त. संपलं.

दिसायला हे सुंदरच असतं, ती तक्रार नाही. तक्रार एका वाक्याची आहे, जे जवळपास प्रत्येक व्हिडिओत येतं: 'इथे काहीच नाहीये, गाईज!' आणि हे कौतुकाने म्हटलेलं असतं. ज्या रणात पाऊस चांगला झाला की हजारो फ्लेमिंगो घरटी करतात, त्याला 'काहीच नाही' म्हणायचं, कारण आपण डिसेंबरच्या सुट्टीत गेलो. 2010 च्या सुमाराला अमिताभ बच्चनच्या गुजरात पर्यटनाच्या जाहिराती आल्या होत्या. त्याही विकायलाच आल्या होत्या, पण निदान ठिकाणाची गोष्ट तरी सांगत होत्या.

मला हे वाक्य टोचतं, कारण ते आमच्याकडेही ऐकलंय, फक्त सरकारी भाषेत. गवताळ माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हणतात. ड्रोनची नजर आणि त्या कागदाची नजर सारखीच: झाड नाही, पीक नाही, म्हणजे रिकामं. मग रिकाम्या जागेवर काहीही उभं करता येतं.

माळढोक घ्या. सोलापूरजवळचं नान्नज आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या माळढोक अभयारण्याची घोषणा 1979 सालची. कच्छमध्ये अबडासा तालुक्यातही माळढोकासाठी अभयारण्य आहे, आणि आता तिथे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माद्या उरल्यात. पक्षी जड, नजर बाजूला जास्त आणि समोर कमी. त्यामुळे वाटेतली वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2021 मध्ये तारा जमिनीखालून न्यायचा आदेश निघाला, पुढे 2024 मध्ये तो सौम्य झाला. सौरऊर्जा, पवनऊर्जा नकोच, असं मी म्हणत नाही. लोडशेडिंग काय असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण मांडवीच्या सूर्यास्तात पवनचक्की नुसती शोभेची वस्तू होते, तेव्हा हा सगळा झगडा फ्रेमबाहेर जातो.

व्लॉगरने पर्यावरणावर भाषण ठोकावं असंही नाही. (कृपया ठोकू नये.) गाडी दहा मिनिटं थांबवावी, गाणं बंद करावं, एखाद्या मालधाऱ्याला विचारावं की या गवताचं नाव काय. एवढ्याने व्हिडिओ दुसऱ्या जातीचा होईल.

हल्ली वाशी-भूमकडच्या पवनचक्क्यांचेही रील येतात. तसंच गाणं, तसाच ड्रोन. परवा एकात खाली कोपऱ्यात तीन सेकंद मेंढरं दिसली. मी पॉज करून झूम केलं. तारांखालून चरत चालली होती, मागे डोक्याला पटका बांधलेला माणूस, आणि कॅप्शन होतं: 'नोव्हेअर'.