उपाध्यायाचे उत्तरदायित्व

महावग्गातील अतिसाराने ग्रस्त भिक्खूची कथा आपण बहुधा केवळ करुणेचे उदाहरण म्हणून वाचतो. हे वाचन अपुरे आहे. आपण भिक्खूंच्या उपयोगी नाही, म्हणून कोणी शुश्रूषा करीत नाही, असे तो रुग्ण सांगतो. तथागतांनी आनंदासह त्याला स्नान घातले. पण त्यानंतर संघाला जाब विचारला आणि शिष्याच्या शुश्रूषेचे दायित्व उपाध्यायावर नियमानेच सोपविले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयीच्या थोरात समितीच्या २००७ च्या अहवालाने दलित-आदिवासी विद्यार्थ्यांचे वसतिगृहातील वेगळेपण व शिक्षकांची उपेक्षा नोंदविली. असा विद्यार्थी खचला की त्याला केवळ समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे संघाचा दोष रुग्णाच्या माथी मारणे होय. समुपदेशन हवेच, परंतु प्रथम उपाध्यायाने उत्तर दिले पाहिजे.