‘चकवाचांदण’ आणि वणवा

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी राहणाऱ्या मला रान ठाऊक ते कुंपणातले. ते कुंपण मोडले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘चकवाचांदण’ने. वनखात्यात हयात घालवलेल्या अधिकाऱ्याचे हे आत्मचरित्र.

विदर्भात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ठिणगी उडाली की वणवा. मग खाते जाळरेषा काढते आणि वेचणारा गुन्हेगार ठरतो. चितमपल्ली मात्र रानातल्या अशाच जाणत्यांकडून पाखरांची नावे शिकले. त्यांच्या गद्याचे बळ या शिष्यत्वात आहे. उणीव भासते ती एकच : गुरूवर पहारा ठेवावा लागणाऱ्या शिष्याची घालमेल मला आणखी वाचायची होती. तरी फराळानंतर मुलांना हे पुस्तक अवश्य वाचून दाखवा. रान राखायचे ते कोणापासून आणि कोणासाठी, हे ती आपणहून विचारतील.