मराठी भावकवितेंतील समुद्र : दूत, याचना आणि सेतु

आधुनिक मराठी कवितेवरील विवेचनांत एक मत वारंवार आढळतें. निसर्ग, भ्रमंती आणि समुद्र हे भावकवितेचे विषय इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आले. तत्पूर्वीं मराठी कवीला समुद्र ठाऊक होता तो भवसागराच्या रूपकापुरता, असें तें मत आहे. यांतील अर्धा भाग मान्य करण्यास हरकत नाहीं. कवीनें देवतेचा किंवा कथानायकाचा आडोसा न घेतां स्वतःचें सुखदुःख स्वतःच्या तोंडानें सांगावें, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. केशवसुतांनीं १८९२ मध्यें सुनीत हा चौदा ओळींचा रचनाबंध मराठींत आणिला, तोही त्याच ओघांतला होय. परंतु समुद्रासमोर उभा राहिलेला मनुष्य काय बोलतो, कोणत्या क्रमानें बोलतो आणि समुद्राला कोण समजून बोलतो, या तीन गोष्टी पाहिल्या तर आमच्या उत्तम सागरकवितांचें मूळ फार जुनें आणि फार जवळचें निघतें. तें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संस्कृत साहित्यशास्त्रानें समुद्राला काव्यांत स्थान दिलें तें वर्ण्यविषय म्हणून. दंडीनें ‘काव्यादर्शां’त महाकाव्याचें लक्षण सांगतांना नगर, पर्वत, ऋतु, चंद्रोदय व सूर्योदय यांच्या पंक्तींत समुद्राची गणना केली आहे. हा परिपाठ अनेकांनीं पाळिला, आणि त्यांतील पुष्कळांचा समुद्र दुसऱ्या कवीच्या समुद्रावरून उतरून घेतल्यासारखा वाटतो. ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग तसा नाहीं. तेथें पुष्पक विमानांतून परत येणारा राम सीतेला समुद्र दाखवितो. दूरवरची, वृक्षराजीनें काळवंडलेली किनाऱ्याची बारीक रेषा कालिदासाला लोखंडी चाकाच्या धारेवर चढलेल्या गंजासारखी दिसते. ही उपमा पोथींतून आलेली नव्हे, डोळ्यांतून आलेली आहे. तथापि हा समुद्र ओलांडून झालेला आहे. सीता शेजारीं बसली आहे, युद्ध संपलें आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कौतुकानें पाहण्यास रामाला सवड आहे. ज्याला समुद्र अद्यापि ओलांडावयाचा आहे, त्याची वाणी निराळी असते.

ती वाणी वाल्मीकीच्या युद्धकांडांत ऐकूं येते. राम दर्भांवर तीन रात्री पडून राहून समुद्राची प्रार्थना करितो. समुद्र उत्तर देत नाहीं. मग प्रार्थनेचा उपालंभ होतो, उपालंभाचा क्रोध होतो, आणि धनुष्य उचललें जातें. याचना, दोषारोप आणि धमकी असा हा तीन पायऱ्यांचा क्रम आहे. याच कथाभागावर महाराष्ट्री प्राकृतांत ‘सेतुबंध’ हें पंधरा आश्वासांचें काव्य उभें राहिलें. तें पांचव्या शतकांतील वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या नांवावर आहे. महाराष्ट्री ही प्राकृतांत श्रेष्ठ, असें म्हणतांना दंडीनें याच काव्याचा दाखला दिला. आणि बाणानें ‘हर्षचरिता’च्या आरंभीं प्रवरसेनाची कीर्ति सेतूच्या योगानें समुद्राच्या पैलतीराला पोंचली, असा श्लेष साधला. ताम्रपटांच्या अभ्यासकांस हा राजा चांगला परिचित आहे. त्याचे ताम्रपट विदर्भांत सांपडले आहेत, आणि विदर्भापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. मराठीच्या पूर्वज भाषेंतील एवढें मोठें समुद्रकाव्य समुद्राचा वारा न लागणाऱ्या प्रांतांत झालें, ही गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. त्यांतील समुद्र तीरावर बसून टिपलेला नाहीं; तो आड आलेला समुद्र आहे. आड येणें म्हणजे काय हें कळण्यास मनुष्यानें तीरावरच राहिलें पाहिजे असें नाहीं.

त्याच विदर्भानें भ्रमंतीच्या काव्यालाही एक सांचा दिला. ‘मेघदूतां’तील रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक, असें म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तेथील यक्ष स्वेच्छेनें हिंडणारा प्रवासी नव्हे. तो धन्याच्या शापानें घरापासून तुटलेला सेवक आहे. स्वतःला जातां येत नाहीं म्हणून तो मेघाला पाठवितो, आणि मेघाच्या निमित्तानें सारा मार्ग मनानें चालून येतो. दूत आणि याचना असे हे दोन सांचे आमच्या कवींच्या हातांत इंग्रजी काव्यसंग्रह पडण्यापूर्वींच होते. संस्कृत शिकलेल्या प्रत्येक मुलाला ते शाळेंतच भेटत असत.

आतां केशवसुतांकडे वळूं. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील मालगुंड येथें झाला. हें गांव समुद्रकांठचें आहे. पुढें पोटासाठीं त्यांना मुंबई, खानदेशांतील फैजपूर व शेवटीं धारवाड येथें राहावें लागलें, आणि १९०५ मध्यें हुबळीस त्यांचा अंत झाला. ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ या त्यांच्या कवितेंत घरापासून दूर असलेला कवि जन्मभूमीकडून येणाऱ्या वाऱ्याशीं बोलतो. निर्जीव वाऱ्याला सजीव मानून संबोधिणें ही इंग्रजी वळणाची खूण, असें कोणी म्हणेल. परंतु नैर्ऋत्येचा वारा म्हणजे पावसाचा वारा. यक्षाच्या मेघाला उत्तरेकडे नेणारा वारा तो हाच. केशवसुतांनीं केलेला पालट दुसऱ्या ठिकाणीं आहे. यक्षाचा दूत घराकडे जातो, केशवसुतांचा दूत घराकडून येतो. यक्षाला निरोप पाठवावयाचा आहे. या कवीच्या हातीं मात्र नुसता स्पर्श येतो. बदली झालेल्या, पगारावर गुजराण करणाऱ्या मनुष्याची ही स्थिति आहे. त्याला शापाची मुदत ठाऊक नाहीं, कारण त्याला कोणी शाप दिलेला नाहीं. जुना सांचा नव्या दुःखाला पुरा पडतो तो असा.

याचनेच्या सांच्याचें उदाहरण म्हणजे विनायक दामोदर सावरकर यांची ‘सागरास’ ही कविता. ती तिच्या आरंभींच्या शब्दांनींच घरोघरीं ओळखली जाते. सावरकर १९०६ मध्यें विलायतेस गेले. १९०९ मध्यें त्यांच्या वडील बंधूंस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीं १७ ऑगस्ट रोजीं मदनलाल धिंग्रा यांना लंडनमध्यें फांशीं देण्यांत आलें. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर ही कविता झाली. बिपिनचंद्र पाल यांचे पुत्र निरंजन पाल त्या वेळीं तेथें उपस्थित होते. ही कविता गाइली पुष्कळ जाते. तिची चिकित्सा त्या मानानें थोडीच होते. तिची रचना पाहावी. आरंभीं याचना आहे: मला परत ने. मग दिलेल्या वचनाची आठवण आहे. लवकर परत आणीन या समुद्राच्या शब्दावरच मातृभूमीनें निरोप दिला होता. पुढें पश्चात्ताप, मग समुद्राच्या स्वतःच्या प्रियेच्या, म्हणजे सरितेच्या, विरहाची शपथ. आणि शेवटीं दोषारोप व धमकी. रामाच्या तीन रात्रींचाच हा क्रम आहे.

अलंकारही त्याच घराण्यांतले आहेत. समुद्र नद्यांचा पति, हा कविसंकेत प्राचीन. येथें तो शोभेसाठीं न येतां शपथ घालण्याच्या कामीं येतो. हास्याचा वर्ण शुभ्र, हा दुसरा संकेत; त्याच्या बळावर लाटेवरील फेस हा फेस नसून निर्दय समुद्राचें हसणें आहे, अशी कैतवापह्नुति साधली आहे. वर्णन करणारा कवि हाच अलंकार समुद्राच्या स्तुतीकडे नेता. याचकाच्या तोंडीं तो आरोप झाला. शेवटची धमकी तर पुराणांतून उचललेली: समुद्राला एका आचमनांत पिऊन टाकणारा अगस्ति. रामापाशीं बाण होता. पारतंत्र्यांतील तरुणापाशीं बाण नाहीं, म्हणून तो एका ऋषीच्या नांवाचा धाक घालतो. त्या धाकांतील असहायता आणि अभिमान ही दोन्ही एकाच वेळीं ऐकूं येतात, यांत या कवितेचें सामर्थ्य आहे. पिंजऱ्यांतला पोपट आणि फांशांत शिरलेला हरिण हे तिच्यांतील दृष्टांत मात्र झिजलेले आहेत, हें तिच्या चाहत्यांनींही मान्य करावें. त्यांनीं कविता पडत नाहीं, कारण क्रम तिला पुढें ओढून नेतो. सावरकरांचा जन्म नाशिकजवळच्या भगूरचा. कोळ्याला ठाऊक असतो तसा समुद्र या कवितेंत फारसा नाहीं. तरीही तिचा समुद्र खरा वाटतो. तो खरोखरच आड आलेला होता.

कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहांतील ‘कोलंबसाचें गर्वगीत’ हें तिसरें उदाहरण. येथेंही समुद्राला संबोधन आहे, परंतु याचना नाहीं. राम जेथें शेवटीं पोंचला, तेथें हा दर्यावर्दी आरंभींच उभा आहे. यामुळें आवेश मोठा झाला, पण चढण नाहींशी झाली. पहिल्या कडव्याचा आणि शेवटच्या कडव्याचा स्वर जवळजवळ एकच राहिला. माझ्या मतें रचनेच्या दृष्टीनें ही कविता ‘सागरास’हून उणी आहे. तिनें एक नवी गोष्ट मात्र दिली. समुद्र अपार आणि मनुष्य क्षुद्र, हें प्रमाण तिनें उलटें केलें: समुद्राला किनारा आहे, मनुष्याच्या आशेला नाहीं. हा विचार ‘सेतुबंधां’त नाहीं आणि संतवाङ्मयाच्या भवसागरांत तर नाहींच.

येथवर जे कवि आले, त्यांत समुद्रकांठीं जन्मलेले एकटे केशवसुत. तीरावरच्या समुद्राचें काय, असा प्रश्न कोणी करील. माधव केशव काटदरे यांचें ‘हिरवें तळकोंकण’ आणि बा. भ. बोरकर यांच्या गोमंतकीय कविता यांत खाडी, माड, पाऊस आणि खारा वारा यांचें जवळचें दर्शन आहे, व तें सुखद आहे. पण या कवितांचा कवि घरींच आहे. त्याला कोठें जावयाचें नाहीं, म्हणून समुद्र त्याच्या आड येत नाहीं. रघुवंशांतील विमानाप्रमाणें ही प्रसन्न दर्शनाची कविता होय. तिला दुय्यम लेखण्याचें कारण नाहीं, पण दोन्ही जाती एका मापानें मोजूं नयेत.

तीरावरचें खरें ज्ञान पोथींत किती थोडें उतरलें, याचें एक गमक सांगतों. पूर्णचंद्र उगवला कीं समुद्र उचंबळतो, हा संस्कृत कवींचा आवडता संकेत. पनवेलच्या खाडींत होडी घालणाऱ्या कोणालाही विचारावें. तो सांगेल कीं उधाण पौर्णिमेला येतें तसेंच अमावास्येलाही येतें, आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याला भांग असतो. चंद्र दिसत नसतांनाही समुद्र त्याच्या ओढीनें फुगतो, ही कल्पना विरहाच्या कवीला केवढी उपयोगी पडली असती! ती पोथींत आली नाहीं, कारण पोथी लिहिणारा अमावास्येच्या रात्रीं खाडीवर जात नसे आणि खाडीवर जाणारा पोथी लिहीत नसे.

आगगाडी येण्यापूर्वीं पुण्याहून मुंबईस जाणारा उतारू बोरघाट उतरून पनवेलच्या बंदरांत येई आणि भरती धरून पडावांत बसे. घाटावरच्या किती घरांनीं आपला मनुष्य या बंदरापर्यंत पोंचविला असेल! या ताटातुटीची कविता जात्यावरच्या ओव्यांत आणि खाडीकांठच्या गाण्यांत राहिली. पनवेल-उरण भागांत आगरी लग्नांतील गीतांना ‘धवळे’ म्हणतात व तीं गाणारी ती धवलारीण. तेराव्या शतकांतील महदंबेच्या काव्याचें नांव तेंच आहे. सातशें वर्षांहून अधिक काळ एक शब्द पोथींत आणि तोंडीं असा दोन्हीकडे जगला. पोथींतला आपण संपादिला, तोंडचा अजून पुरता लिहून घेतलेला नाहीं.

तो लिहून घेण्याची निकड वाढली आहे. शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला. त्याची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर असून त्यांतील सुमारें १६.५ किलोमीटर समुद्रावरून जाते. प्रवरसेनाला पंधरा आश्वास लागले तो समुद्र या कांठचा मनुष्य आतां मोटारींतून कांहीं मिनिटांत ओलांडतो. याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. सेतु बांधला जावा यासाठींच याचना होती. पण समुद्र आड येण्याचें थांबलें कीं त्याला आळविणारीं गाणीं गाण्यास निमित्त उरत नाहीं, आणि निमित्त नसलेलें गाणें एका पिढींत विसरतें. म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, बाडांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर कोणीं हौसेनें उतरलेलीं स्फुट पदें व ओव्या यांस किरकोळ समजून सूचींतून वगळूं नये. आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं पोथीच्या शोधांत खाडीकांठच्या गांवीं जाल तेव्हां एक कोरी वहीही बरोबर न्यावी. गाणाऱ्या बायांचे शब्द जसेच्या तसे, शुद्ध करण्याच्या मोहांत न पडतां, गांव आणि तिथि घालून लिहून घ्यावे. केशवसुत, सावरकर आणि कुसुमाग्रज यांचा समुद्र छापून सुरक्षित झाला आहे. अमावास्येच्या उधाणाचा समुद्र अद्यापि कागदावर यावयाचा आहे.