तरुण कवीचा योगक्षेम : बी. रघुनाथ यांच्या निमित्ताने

सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील चक्राकार बारवेमुळे अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. याच परिसरातील सातोना या गावी १९१३ साली भगवान रघुनाथ कुलकर्णी, अर्थात बी. रघुनाथ, यांचा जन्म झाला. वालूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आज कवी होण्याचे मनात आणले, तर त्याचा योगक्षेम कसा चालावा, या प्रश्नाचा विचार करताना प्रथम या शेजारच्याच उदाहरणाकडे वळावे लागते.

हैदराबादेस १९३२ मध्ये मॅट्रिक झाल्यावर घरच्या परिस्थितीमुळे बी. रघुनाथ यांचे शिक्षण थांबले. त्यांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच त्यांचा अंत झाला. यावरून कारकुनीने कवीचा बळी घेतला, असा निष्कर्ष काढण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो अर्धाच खरा वाटतो. निजामी राजवटीतील लहान गावे आणि तेथील सामान्य नोकरदारांची कुतरओढ त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत ज्या बारकाव्यांनिशी उतरली आहे, ते बारकावे कचेरीबाहेरच्या लेखकास सहजी लाभले नसते. नोकरीने त्यांच्या गद्याला विषय पुरविला, हे मान्य केले पाहिजे.

कवितेची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘आलाप आणि विलाप’ हा संग्रह १९४१ साली निघाला. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ निघाला तो १९५५ साली, कवीच्या निधनानंतर. या दोहोंमधील अंतर केवळ वेळेच्या अभावाने पडले, असे म्हणवत नाही. कारण त्याच काळात त्यांनी विपुल गद्य लिहिले. येथे मर्ढेकरांशी तुलना उपयुक्त ठरावी. मर्ढेकरही नोकरदारच होते. परंतु नोकरीत शिरण्यापूर्वी त्यांना इंग्लंडमध्ये अध्ययनाची काही वर्षे लाभली होती. ज्या परीक्षेसाठी ते तेथे गेले ती साधली नाही, पण वाचन साधले. (आपल्या वाङ्मयावर त्या अपयशाचे उपकार आहेत!) बी. रघुनाथांना अशी वर्षे कधीच मिळाली नाहीत. त्यातून, त्यांच्या राज्यातील विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठी कवीस तेथे आश्रय कोठून मिळणार? उणीव होती ती लेखनाच्या तासांची नव्हे, तर पूर्वतयारीच्या वर्षांची.

आजची साधने या कसोटीवर पाहावीत. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. त्याची रक्कम ५०,००० रुपये. पहिल्याच वर्षी मराठीतील मान ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या कवितासंग्रहास मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदान नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाचा छपाईखर्च हलका करते. दोन्ही योजना स्तुत्य आहेत. परंतु दोन्ही पुस्तक लिहून झाल्यावर कवीपर्यंत पोहोचतात. पुस्तकापूर्वीचे वर्ष कोणीच विकत घेऊन देत नाही.

तसे वर्ष, किंबहुना तशी अनेक वर्षे, देणारी एकच वाट वालूरच्या विद्यार्थ्यापुढे आहे, आणि ती आपल्याच विभागांतून जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपयांची झाली आहे. तिच्या आधारे बी. रघुनाथांच्या कवितेवर प्रबंध लिहिता येतो. त्यांच्यासारखी कविता लिहिण्यासाठी मात्र ती मिळत नाही. परिणामी कवित्वाची शक्ती असलेला विद्यार्थी उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या कवितेच्या टिपा लावण्यात घालवितो, आणि आपण मार्गदर्शक म्हणून त्यावर सही करतो.

सर्जनशील लेखन पदवीयोग्य मानल्यास शिस्त ढासळेल, अशी भीती आपल्याकडे व्यक्त होते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९२२ सालीच पदव्युत्तर पदवीसाठी अशा लेखनास मान्यता दिली. पुढे १९७५ मध्ये दिलीप चित्रे तेथील आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमास गेले होते. आपल्या विभागांना एवढा मोठा पल्ला गाठावयाचा नाही. एम. ए.च्या लघुप्रबंधाऐवजी, सविस्तर विवेचक प्रस्तावनेसह, स्वतःचा कवितासंग्रह सादर करण्याची मुभा देणे अभ्यासमंडळाच्या अधिकारात बसू शकते. परीक्षण कोणी व कोणत्या निकषांवर करावयाचे, हा प्रश्न अवघड आहे. पण तो प्रश्न समीक्षेचाच आहे, आणि समीक्षा हे आपले काम आहे.