लिओनार्दोच्या वह्या आणि बीदरची माती

इटलीतील प्रबोधनकाळाचा चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याचा उल्लेख थोर वैज्ञानिक म्हणूनही केला जातो. हा गौरव तपासून घेणे आवश्यक आहे. त्याने शवविच्छेदन केले, हृदयाच्या झडपेजवळ रक्तात उठणारे भोवरे रेखाटले. निरीक्षण अचूक होते. परंतु त्याच्या हयातीत ते वह्यांतच राहिले. १५४३ मध्ये वेसालिअसचा सचित्र ग्रंथ छापला गेला आणि आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया त्यावर घातला गेला. तात्पर्य, ज्ञान केवळ असून भागत नाही. ते इतरांच्या हाती पडावे लागते.

लिओनार्दो वीस वर्षांचा असताना, १४७२ मध्ये, बीदरला महमूद गवानचा मदरसा उभा राहिला. याच शहराच्या नावाने ओळखली जाणारी बिदरी कला या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करून नक्षी कोरतात व तीत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने जस्त कायमचे काळे होते, चांदी मात्र उजळ राहते. हे रसायनशास्त्रच होय.

२०२३ मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, ती कला विभागात. या कलेतील विज्ञानाची नोंद मात्र महाविद्यालयांनी घ्यावयाची आहे. रसायनशास्त्र आणि भाषा विभागांनी कारागिरांसोबत बसून, त्यांच्या नावानिशी, ही प्रक्रिया मराठी, उर्दू व कन्नडमध्ये लिहून काढली पाहिजे.