दारू कोणी संपवली? 'पॅनिक बाइंग' नावाच्या सोप्या उत्तराबद्दल

सिनॉप्सिस लिहिताना आपण एक चलाखी हमखास करतो. ज्या गोष्टीचं कारण शोधायचं असतं तिलाच एक भारदस्त नाव देतो आणि कारण सापडलं असं समजून पुढे सरकतो. 'पॅनिक बाइंग' हे त्यातलंच एक नाव. आज त्याची जरा झडती घेऊ. उदाहरण अमेरिकेतलं आहे, बंदुकीच्या दारूचं. (पिण्याच्या नव्हे. शीर्षक वाचून आलेल्यांची क्षमा असावी.)

तिकडे वापरलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरणाऱ्या हौशी नेमबाजांचा मोठा वर्ग आहे. त्यांना रिलोडर म्हणतात. दारू डब्यात, पौंडावर मिळते. एक पौंड म्हणजे 7000 ग्रेन. 9 मिमी पिस्तुलाच्या एका गोळीला साधारण पाच ग्रेन लागतात, .308 रायफलच्या गोळीला चाळीसच्या वर. म्हणजे एकाचा डबा हजाराच्या वर गोळ्या पुरवतो आणि दुसऱ्याचा तेवढाच डबा दीड-पावणेदोनशेत संपतो. हे आकडे डोक्यात ठेवा.

डिसेंबर 2012 मधल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर, मग 2020 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये ही दारू दुकानांतून गायब झाली किंवा मिळेनाशी झाली. दर वेळी स्पष्टीकरण तेच: 'लोकांनी घाबरून भरून ठेवली.' जोडीला रॉबर्ट मर्टनचा 1948 चा 'स्वतःच खरं ठरणाऱ्या भाकिता'वरचा निबंध हजर असतोच. बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे पैसे काढायला धावतात आणि बँक खरंच बुडते. मांडणी सुंदर आहे यात वादच नाही. पण दारूच्या बाबतीत ती लावतात कशी, ते बघा. लोकांनी साठा केला हे कशावरून? तर दुकानं रिकामी आहेत. दुकानं रिकामी का? तर लोकांनी साठा केला. हे स्पष्टीकरण नाही, हा झोपाळा आहे.

पुरावा म्हणून पुष्कळदा एफबीआयच्या पार्श्वभूमी-तपासणीचे आकडे पुढे केले जातात. 2020 मध्ये अशा तपासण्या 3 कोटी 97 लाखांच्या आसपास गेल्या. आकडा खरा आहे, पण तो बंदुकीच्या खरेदीशी जोडलेल्या तपासणीचा आहे. धूरविरहित दारूच्या डब्यासाठी केंद्रीय कायद्यानुसार अशी तपासणी होतच नाही. बरं, बंदुकांचाही तो नेमका हिशेब नव्हे. त्यात परवान्यांच्या तपासण्याही येतात, आणि केंटकीसारखं राज्य जुन्या परवानाधारकांची तपासणी महिन्याच्या महिन्याला करतं. प्रॉक्सी व्हेरिएबल घ्यायला माझी ना नाही, पण प्रॉक्सीचीही प्रॉक्सी घेऊन तिच्यावर अख्खा निष्कर्ष उभा करायचा?

मला सगळ्यात खटकतं ते मात्र शब्दांचं. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण का वापरत नाही कोण जाणे. 'साठेबाजी' म्हणताच गोदामातला व्यापारी डोळ्यांसमोर येतो. 'बेगमी' म्हटलं की पावसाळ्याआधी पापड-कुरडया, लाकूडफाटा भरून ठेवणारं घर. आठ पौंडांचा डबा घेणारा रिलोडर यातला कोण? तो घातक मालाच्या वाहतुकीचं शुल्क भरतो, आणि ते सहसा पौंडावर नाही, खेपेवर असतं. एक डबा मागवा नाहीतर सहा, शुल्क तेवढंच. शिवाय एकाच नावाच्या दारूच्या दोन लॉटमध्ये जळण्याचा वेग थोडा वेगळा निघतो, म्हणून नेम जुळवलेला माणूस त्याच लॉटचे डबे जास्त घेतो. थंड, कोरड्या जागी दारू कित्येक वर्षं टिकते. आता वरचं गणित करा: आठ पौंड म्हणजे 56,000 ग्रेन, गोळीला 42 लागले तर जेमतेम 1,333 गोळ्या. स्पर्धेत उतरणाऱ्याला हे वर्षभरही पुरणार नाही. याला घबराट म्हणायचं? टंचाई नसतानाही तो हेच करत होता. वर्तन बदललं का हे ठरवायला आधीचं वर्तन माहीत हवं, आणि नेमका तोच भाग या मांडणीत कोरा असतो.

पुरवठ्याची बाजू तर बहुतेक लोक दोन ओळींत उरकतात. डब्यांवर नावं भरपूर, कारखाने मोजके. हॉजडन कंपनी विकते त्यातली बॉल पावडर फ्लोरिडातल्या सेंट मार्क्समध्ये बनते. 'व्हारगेट' ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाहून येते. अलायंटचा बराच माल व्हर्जिनियातल्या रॅडफर्ड इथल्या, लष्कराच्या मालकीच्या कारखान्यातला. युद्धामुळे मागणी वाढली की हौशी माणसाचा डबा रांगेत शेवटी जातो. व्हिस्टा आउटडोअरने दारूच्या जागतिक टंचाईचा इशारा देत दरवाढ जाहीर केली, ती याच काळात. काळ्या दारूचं तर आणखी स्पष्ट आहे. लुईझियानातला गोएक्सचा कारखाना बंद करत असल्याची घोषणा 2021 मध्ये झाली. इथे पहिला धक्का कुठून आला यावर वाद घालायला जागाच नाही.

उलट्या टोकाचे लोकही कमी नाहीत. 2013 मध्ये 'सरकारच सगळ्या गोळ्या विकत घेतंय' अशी आवई उठली होती. अमेरिकेच्या जीएओ या लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी 2014 च्या अहवालात होमलँड सिक्युरिटीची खरेदी 2009 पासून घटल्याचं दाखवलं. फरक लक्षात घ्या: या दाव्याची खरेदीच्या नोंदींवरून तपासणी करता आली. 'लोक घाबरले' याची कशी करणार?

अशक्य नाही. 2007-08 मध्ये भारताने तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा अमेरिकेतल्या घरांनी तांदूळ भरून ठेवला का, हे हाँग, द पॉला आणि सिंग यांनी सुपरमार्केटच्या स्कॅनर डेटावरून तपासलं. दारू सुपरमार्केटात विकली जात नाही, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण वेगळी परीक्षा घेता येते. भीती कायद्याची असेल तर पिस्तुलाची आणि रायफलची, सगळ्या कारखान्यांची दारू साधारण एकदमच गायब व्हायला हवी. अडचण कारखान्यात असेल तर त्याच कारखान्याची नावं आधी जातील आणि बाकीची काही काळ मिळत राहतील. यात एक गुंता आहे. 'गिऱ्हाइकामागे एकच डबा' अशी पाटी लागली की गरज नसलेलाही एक उचलतो. ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी 1997 मध्ये वाटपाच्या टंचाईत फुगणाऱ्या ऑर्डरींबद्दल मांडलं होतं, त्याचाच हा घरगुती भाऊ. म्हणून पाटी लागण्याआधीचे आठवडे वेगळे मोजावे लागतील, आणि दुकानदारांकडून विक्रीच्या तारखा मागताना पाटी कधी लागली ती तारीखही मागावी लागेल.